चार्जरला एनओसी, मग गीझरला का नाही?

मंडळी, आज जरा भांडायच्याच मूडमध्ये लिहायला बसले आहे. ज्यांना शांत, समंजस वगैरे पोस्ट हवी असेल त्यांनी मागची पावसाळ्यावरची वाचावी. :-)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. स्वतःच्या मीटरवरून, स्वतःच्या पैशाने, लायसन असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून, आपल्याला मिळालेल्या पार्किंगमध्ये गाडीचा चार्जर बसवायला सोसायटीची 'परवानगी' लागावी, ही कल्पनाच मला मान्य नाही. सोसायटीला कळवायला हवं का? हवंच. वायर कुठून न्यायची, पाइप कुठला वापरायचा, काम कुणाकडून करून घ्यायचं, याच्या अटी सोसायटीने घालाव्यात का? जरूर घालाव्यात. पण 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याचा अधिकार? तो नसावा. गीझर बसवताना नसतो, एसी बसवताना नसतो, तर चार्जर बसवताना कुठून उगवला?

आता हे एवढं तावातावाने का, तर ठाण्याच्या मामापासून नागपूरच्या आत्यापर्यंत सगळे गेले कित्येक महिने फोनवर एकच विचारत होते, "काय गं, बसला का चार्जर?" बसला. वीज कंपनीला माझा मंजूर भार वाढवून द्यायला चार दिवस लागले. सोसायटीला एक कागद द्यायला आठ महिने लागले. या दोन आकड्यांमधल्या फरकाबद्दल ही पोस्ट आहे.

थोडी पार्श्वभूमी. आमची बिल्डिंग १९९४ ची. चार मजले, तीन विंग, अठ्ठेचाळीस फ्लॅट, खाली स्टिल्ट पार्किंग. म्हणजे पुण्यात कर्वेनगर, कोथरूड, सिंहगड रोड, जिकडे बघाल तिकडे दिसणारी टिपिकल सोसायटी. मीटर रूम जिन्याखाली. तिथून माझ्या पार्किंगपर्यंत वायरचं अंतर तेवीस मीटर. एवढंच काम होतं. तेवीस मीटर वायर, एक छोटी पेटी आणि भिंतीवर एक बॉक्स. वायरमनने ते एका दिवसात संपवलं, आणि त्यातही दुपारचं जेवण आणि दोन चहा धरा.

गाडी विकणाऱ्या शोरूमवाल्यांनी 'चार्जर फ्री, फिटिंग फ्री' म्हणून सांगितलं होतं. ते खरंही होतं, फक्त शेवटी बारीक आवाजात एक वाक्य आलं, "मॅडम, सोसायटीची एनओसी तेवढी लेटरहेडवर आणून द्या." त्या 'तेवढी' शब्दावर आठ महिने गेले.

आधी थोडं गणित करू, कारण या विषयावर आमच्याकडे चार मीटिंगा झाल्या आणि चारही मीटिंगांत आकडा कुणी काढला नाही.

माझं रोजचं जाणं-येणं हिंजवडीपर्यंत, दोन्ही वेळचं मिळून साधारण चाळीस किलोमीटर. माझी गाडी एका युनिटमध्ये सात किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे रोजची गरज सहा युनिट. मी बसवलेला चार्जर साधा, ३.३ किलोवॉटचा, १६ अँपिअरवर चालणारा. ७.२ किलोवॉटचा मोठाही मिळतो, त्याला ३२ अँपिअर लागतात, पण मला तो नकोच होता. सहा युनिट भरायला ३.३ च्या चार्जरला दोन तासही लागत नाहीत. रात्री बाराला सुरू केलं तर दोनच्या आत काम खलास.

आता बाथरूममध्ये जा आणि तुमचा गीझर बघा. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर साधारण तीन किलोवॉटचा असतो. मोठा स्टोरेजवाला दोन किलोवॉटचा. आमच्या अठ्ठेचाळीस फ्लॅटमध्ये एकेक धरला आणि तो दोनच किलोवॉटचा धरला, तरी शहाण्णव किलोवॉट होतात. आणि ते सगळे सकाळी सहा ते आठच्या दरम्यान पेटतात, कारण ऑफिस आणि शाळा सगळ्यांचीच तेव्हा असते. उलट बिल्डिंगमध्ये उद्या दहा इलेक्ट्रिक गाड्या आल्या आणि दहाही एकाच वेळी लावल्या, तरी तेहेतीस किलोवॉट. तेही मध्यरात्री, जेव्हा पंखे आणि फ्रिज सोडले तर बिल्डिंग झोपलेली असते.

शहाण्णव किलोवॉटच्या गीझरना कुणी एनओसी मागितली होती? नाही. तेहेतीसच्या कल्पनेने मात्र कमिटीला घाम फुटला.

एक फरक आहे आणि तो मी लपवणार नाही. गीझर पाच-दहा मिनिटं चालतो, चार्जर सलग तासन् तास. सलग चालणाऱ्या भाराला वायर आणि सॉकेट दोन्ही चांगली लागतात. ढिल्या, जुन्या सॉकेटमध्ये चार्जर लावला तर ते तापतं, वितळतंसुद्धा. म्हणूनच चार्जरला वेगळी लाइन हवी, पुरेशा जाडीची तांब्याची वायर हवी, तिला स्वतःचा एमसीबी हवा, तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा आणि अर्थिंग चांगलं हवं. हे सगळं मी पहिल्याच अर्जात लिहून दिलं होतं. पण अर्ज वाचतो कोण! पहिल्या मीटिंगला मला पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "वहिनी, मिस्टर नाही आले का?"

मिस्टर घरी मुलीचा प्रोजेक्ट करत बसले होते. गाडी माझी, कर्ज माझं, मीटर माझ्या नावावर. पण असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

तर आक्षेप काय काय आले ते एकेक घेऊ.

आक्षेप पहिला : आग लागेल

हा सगळ्यात मोठा, आणि तो हसण्यावारी न्यायचा नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यातच रस्त्याकडेला उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली होती, तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आजही दर दोन महिन्यांनी फिरतो. त्या उन्हाळ्यात देशात अशा बऱ्याच घटना झाल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम, म्हणजे एआयएस १५६ आणि एआयएस ०३८, कडक केले आणि ते दोन टप्प्यांत लागू झाले, १ डिसेंबर २०२२ पासून आणि ३१ मार्च २०२३ पासून. लिथियमची बॅटरी पेटली तर विझवायला अवघड असते, पुन्हा पेटू शकते, हेही खरं आहे. भीती वाटणं चूक नाही.

पण भीती वाटली तर माणसाने काय करावं? धोका कमी होईल असं काहीतरी करावं. आमच्या कमिटीने धोका वाढेल असं केलं. चार्जर नाकारला म्हणून गाडी पार्किंगमधून गेली का? नाही. गाडी, तिची बॅटरी, सगळं तिथेच उभं आहे, लिफ्टपासून दहा पावलांवर. नाकारली गेली ती फक्त नीट केलेली वायरिंग. आणि नीट वायरिंग नाकारली की लोक काय करतात हे बघायला लांब जायला नको. पलीकडच्या गल्लीत पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडलेला मी रोज बघते. पिवळी वायर, वर जोडाला चिकटपट्टी, पावसात भिजू नये म्हणून बोर्डाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. तिला एनओसी नाही, एमसीबी नाही, आरसीसीबी तर नाहीच. आग लागलीच तर ती तिथे लागेल. सोसायटीचा नकार हीच त्या वायरची परवानगी आहे!

आणि आगीचंच म्हणाल तर पार्किंगमधल्या प्रत्येक पेट्रोल गाडीत तीस-चाळीस लिटर मावणारी टाकी असते, स्कूटरमध्ये पाच-सहा लिटरची. आपल्याला तिची सवय झाली आहे म्हणून ती दिसत नाही, एवढंच.

अजून एक आठवण करून देते. २००५ नंतरच्या त्या लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या किती घरांत इन्व्हर्टर आले! आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्याहून जास्त फ्लॅटमध्ये अजून आहेत. त्या ॲसिडच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, तो पेट घेणारा वायू आहे, आणि त्या आपण कुठे ठेवल्या? बंद पॅसेजमध्ये, जिन्याच्या कोपऱ्यात, देवघराच्या खाली. घरात, माणसं झोपतात तिथे. कुणी मीटिंग बोलावली नव्हती. कारण तेव्हा अंधार सगळ्यांच्याच घरात होता. इलेक्ट्रिक गाडी मात्र एकीकडेच आहे, आणि ज्याची गरज एकट्याची असते त्याच्याच वाट्याला नियम येतात.

आक्षेप दुसरा : बिल्डिंगचं वायरिंग जुनं आहे

हो, आहे. म्हणूनच मी स्वखर्चाने तपासणी करून घेतली. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरने अर्थिंग मोजलं आणि डोक्याला हात लावला. बिल्डिंगचं अर्थिंगच जवळजवळ मेलेलं होतं. खड्डा कोरडा, पट्टी गंजलेली. किती वर्षांपासून, देव जाणे. म्हणजे अठ्ठेचाळीस घरांत वॉशिंग मशीन, गीझर, फ्रिज या सगळ्यांना तीन पिनांचे प्लग होते आणि तिसऱ्या पिनच्या मागे काहीच नव्हतं. हे गाडीमुळे झालेलं नाही. हे गाडीमुळे कळलं.

आता याचा अर्थ कमिटीने काय लावावा? "बघा, आम्ही म्हणत होतो ना, बिल्डिंग चार्जरसाठी योग्य नाही!" अहो काका, ती बिल्डिंग गीझरसाठीही योग्य नव्हती. नवीन अर्थिंग करून घेतलं, सगळ्या सभासदांत खर्च विभागला तर माणशी एका पिझ्झाचे पैसे आले. त्यावरही तीन महिने चर्चा झाली.

आक्षेप तिसरा : पार्किंग ही कॉमन जागा आहे

हा मुद्दा कायदेशीर आहे आणि तो बरोबरही आहे. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात स्पष्ट सांगितलं की स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, ती सगळ्यांची सामाईक जागा. सोसायटी ती सभासदांना वापरायला देते. म्हणजे मी पार्किंगची मालकीण नाही. मान्य.

पण कॉमन म्हणजे कमिटीची, असं नव्हे. कॉमन म्हणजे सगळ्यांची, म्हणजे माझीसुद्धा. ज्या भिंतीवरून माझी केबल जाणार होती त्याच भिंतीवरून आज तीन वेगवेगळ्या इंटरनेटवाल्यांच्या वायरी लोंबतात. बाहेरच्या भिंतीवर एसीची अकरा युनिट लटकतात, त्यातल्या दोघांचं पाणी खालच्यांच्या तुळशीत पडतं. गच्चीवर सोलरच्या टाक्या आहेत, गच्चीही कॉमनच. पाइप गॅस आला तेव्हा तर अख्ख्या बिल्डिंगच्या अंगावर पाइप चढले. हे सगळं आपण चालवून घेतलं, आणि बरोबर केलं. सामाईक जागेचा उपयोग हाच की एकेकाच्या रोजच्या गरजा तिच्यातून जाव्यात. माझी तेवीस मीटर केबल पाइपमधून, छताला लागून जाणार होती. ती कुणाच्या तुळशीवर गळत नाही.

आणि वीज माझ्याच मीटरची. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून मी एक युनिटही घेत नाही. स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

आक्षेप चौथा : आज तुम्हाला दिलं की उद्या सगळे मागतील

हे वाक्य चेअरमनसाहेबांनी मोठ्या गंभीरपणे उच्चारलं आणि लोकांनी माना डोलावल्या. मला अजून कळलेलं नाही की हा आक्षेप कसा. मागू देत की! उद्या सगळे मागणार असतील तर आजच तयारी करायला हवी. मीटर रूममधून पार्किंगपर्यंत एक मोठा केबल ट्रे टाका, जागा आखून ठेवा, बिल्डिंगचा एकूण भार किती वाढू शकतो ते वीज कंपनीला विचारा. पंधरा-वीस गाड्या झाल्या तर एकाच वेळी सगळ्या फुल चालू नयेत, आळीपाळीने चालाव्यात, अशी सोय करता येते. पहिल्या चार जणांनी सगळी क्षमता खाऊन टाकली आणि पाचव्याला 'आता जागा नाही' म्हटलं, तर ते खरंच अन्यायाचं होईल. हा एकच मुद्दा चौघांतला दमदार होता, आणि त्याचं उत्तर नियोजन आहे, नकार नव्हे. पण नियोजनाला काम करावं लागतं, नकाराला फक्त हात वर करावा लागतो.

तो हात वर झाला बरं का. वार्षिक सभेत माझ्या वायरवर मतदान झालं. अकरा बाजूने, एकोणीस विरुद्ध, बाकीचे समोशाच्या रांगेत. त्या एकोणीस जणांत एकही माणूस असा नव्हता ज्याच्या घरात गीझर नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. मी उपनिबंधकांकडे करायच्या तक्रारीचा मसुदा तयार केला, कॉन्ट्रॅक्टरचा रिपोर्ट जोडला आणि पाठवायच्या आधी एक प्रत सेक्रेटरी काकांना नेऊन दिली. काका बँकेतून रिटायर झालेले, कागद वाचणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मी बघतो." पुढच्या मीटिंगमध्ये एनओसी मिळाली. आधी जे पन्नास हजारांचं डिपॉझिट मागितलं जात होतं तेही गेलं.

तर मला मिळाला. मग आता तक्रार कशाची?

तक्रार याची, की मला का मिळाला. मी फ्लॅटची मालकीण आहे म्हणून. मला इंग्रजीत चार पानी पत्र लिहिता येतं म्हणून. आठ महिने ऑफिसच्या चार्जिंग पॉइंटवर भागवता आलं म्हणून. आमच्या समोरच्या विंगमध्ये एक मुलगी भाड्याने राहते, हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, नाइट ड्यूटी करते. तिच्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे, बॅटरी न निघणारी. त्या स्कूटरचा चार्जर किती वॉटचा? साडेसातशे. आपली इस्त्री हजार वॉटची असते! तिला पार्किंगमध्ये एक साधा प्लग पॉइंट हवा होता, घरच्या मीटरवरून. तिला उत्तर मिळालं, मालकाला अर्ज करायला सांगा. मालक परदेशात, मेलला उत्तर देत नाही, त्याला त्या प्लगशी काय देणंघेणं? एकदा तिने वॉचमनच्या केबिनमधल्या बोर्डावर अर्धा तास स्कूटर लावली तर ग्रुपवर फोटो टाकून 'सोसायटीच्या विजेची चोरी' म्हणून गाजावाजा झाला. आता ती ड्यूटीवरून येताना एका ओळखीच्या दुकानापाशी थांबते, तिथे चार्ज करते, आणि मग घरी येते. रात्रभर उभं राहून काम केल्यावर.

हा खरा प्रश्न आहे. बंगलेवाल्याला कुणाला विचारावं लागत नाही. नवीन टॉवरवाल्यांची सोय बिल्डरने केलेली असते, कारण फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने आदर्श बांधकाम नियमावलीत बदल सुचवून नव्या इमारतींच्या वीस टक्के पार्किंगमध्ये चार्जिंगची तरतूद धरायला सांगितली. उरलो कोण? जुन्या बिल्डिंगमधले फ्लॅटवाले, आणि त्यांच्याही खाली भाडेकरू. म्हणजे शहरातला बहुतेक मध्यमवर्ग. स्वस्त पडणारी घरची वीज श्रीमंताच्या गाडीला मिळते, आणि नर्सने बाहेर जास्त दराने विकत घ्यायची.

बरं, सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. एप्रिल २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की गाड्या चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, त्याला लायसन लागत नाही. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ लिहिलं आहे की वाहनमालक आपल्या घरी किंवा ऑफिसात, आहे त्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करू शकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले, त्यात चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याची सोय आली आणि नवीन जोडणीची मुदत महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका भागांत सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी कमी केली. वीज कंपनीला असं घड्याळ लावलं, ते योग्यच. पण वीज कंपनीपासून माझ्या गाडीपर्यंतच्या वाटेत कमिटी बसलेली आहे, तिच्या हातावर घड्याळ नाही.

एनओसी अमुक दिवसांत द्यायलाच हवी, असा आग्रह धरणारे लोक आहेत. चांगलं आहे, पण मला ते पुरत नाही. कारण 'ना हरकत' मागायची म्हटली की हरकत घ्यायचा हक्क आपण आधीच देऊन टाकलेला असतो.

स्टुटगार्टला माझा मावसभाऊ राहतो, तोही भाड्याच्या घरात. त्याला ही सगळी कथा सांगितली तर तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे हा प्रश्न उलटा आहे." जर्मनीत १ डिसेंबर २०२० पासून कायदा असा, की चार्जिंगची सोय मागणं हा फ्लॅटमालकाचा हक्क. मालकांच्या सभेने ठरवायचं ते काम कसं करायचं एवढंच, करायचं की नाही ते नव्हे. भाडेकरूलाही घरमालकाकडे तशी मागणी करता येते. फ्रान्समध्ये याला सरळ 'प्लगचा हक्क' म्हणतात, तोही भाडेकरूंसकट. तिथे विरोध करायचा असेल तर गंभीर कारण घेऊन इमारतीच्या लोकांनी कोर्टात जायचं, गाडीवाल्याने नव्हे. स्पेनने तर २००९ मध्येच ठरवलं की स्वतःच्या पार्किंगमध्ये स्वतःपुरता चार्जर बसवायचा तर इमारतीला आधी कळवलं की पुरे. या तिन्ही देशांत जुन्या इमारती आहेत, खडूस शेजारी आहेत, आणि मीटिंगा तर आपल्यापेक्षा लांबलचक असणार. फक्त त्यांनी ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवायचं ते बदललं.

आपल्याकडेही तेवढंच करायचं आहे. कायदा होईल तेव्हा होईल, तोपर्यंत प्रत्येक सोसायटीला आपल्या वार्षिक सभेत एक ठराव करता येईल. मी आमच्यासाठी लिहिलेला इथे देते, ज्याला हवा त्याने उचलावा, माझं नावही घालू नये.

एक, स्वतःच्या मीटरवरून चार्जर किंवा प्लग पॉइंट बसवणाऱ्याने सोसायटीला पंधरा दिवस आधी लेखी कळवावं. परवानगी मागायची गरज नाही.

दोन, काम लायसन असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून, वेगळ्या लाइनने, एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंगसह, ठरवून दिलेल्या मार्गाने व्हावं, आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट सोसायटीला द्यावा. खर्च बसवणाऱ्याचा.

तीन, कमिटीला हरकत असेल तर तिने पंधरा दिवसांत तांत्रिक कारण लेखी द्यावं, तेही इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या सहीने. 'सभासदांची भावना' हे तांत्रिक कारण नाही.

चार, भाडेकरूला हाच नियम. मालकाने महिनाभरात उत्तर दिलं नाही तर त्याची संमती धरली जाईल.

पाच, पार्किंगमध्ये एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी चार्ज करायला पूर्ण बंदी. हो, बंदी! वरचे चार नियम असतील तरच ही बंदी घालायचा तोंडाला हक्क राहतो.

चौथ्या कलमावर आमच्याकडे पुढच्या सभेत भांडण होणार हे मला आत्ताच दिसतं आहे, कारण अर्धे सभासद स्वतःच घरमालक आहेत, फ्लॅट भाड्याने दिलेले. त्यांना वाटतं भाडेकरू म्हणजे अकरा महिन्यांचा पाहुणा. पण मेंटेनन्स त्याच्याच भाड्यातून येतो. होऊ दे भांडण. यावेळी मिस्टरांनाही नेणार आहे, समोशाची रांग आवरायला. :-)

ठाण्याच्या मामाने आत्ताच फोनवर सांगितलं की त्यांच्या कमिटीने 'विचार करून कळवतो' म्हटलं आहे. मामा, अर्जात 'परवानगी मिळावी' असं लिहिलं असेल तर तो आजच परत घे आणि 'कळवत आहे' असं लिहून दे. आणि बाकीच्यांनी आपापल्या सोसायटीत काय चाललंय ते जरूर लिहा. नकाराची पत्रं असतील तर तीही पाठवा, नावं खोडून. एकत्र ठेवली तर बरी मोठी फाइल होईल, आणि उद्या कायदा करणाऱ्यांसमोर ठेवायला काहीतरी लागेलच.